अब्राहामाचा देव आणि गोव्याचा अनुभव

गोव्याहून निघालेले तीन जेझुइट पाद्री १५८० सालच्या सुरुवातीला फत्तेपूर सिक्रीला अकबर बादशहाच्या दरबारी पोहोचले. रुदोल्फ आक्वाविवा इटालियन, अंतोनियु मोन्सेरात कातालान, आणि तिसरा फ्रान्सिस्कु एन्रिकिश मूळचा होर्मुझचा, इस्लाममधून ख्रिस्ती झालेला, म्हणून सोबत दुभाषा. दरबारातल्या मौलवींशी त्यांचे वाद झाले आणि घोडं पुन्हा पुन्हा एकाच जागी अडलं. ईश्वर एक, तोच सृष्टिकर्ता, अब्राहामाला हाक मारणारा तोच, इथवर दोन्ही बाजू बरोबर चालत. पण तो एक असून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा कसा, त्याला मुलगा कसा, इथे आलं की बोलणं खुंटे. अकबराला हे पाद्री आवडले. त्यांची ही शिकवण मात्र त्याच्या गळी उतरली नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस इकडे गोव्यात इन्क्विझिशनने गार्सिया द ओर्ता या वैद्याची हाडं थडग्यातून उकरून काढून जाळली. ओर्ता १५६८ मध्येच वारला होता. त्याचं घराणं ज्यू, इबेरियात बळजबरीने ख्रिस्ती केलेलं. तो १५३४ मध्ये गोव्यात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी वैद्य म्हणून मान मिळवला, आणि इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १५६९ मध्ये, त्याची बहीण कातारीना हिला जाळण्यात आलं. आरोप दोघांवर सारखाच: वरून ख्रिस्ती, आतून ज्यू.

ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान एकाच देवाची उपासना करतात का, या प्रश्नाचा आढावा घेताना ही दोन दृश्यं शेजारी ठेवावीशी वाटतात, कारण पहिल्यात देव एकच की नाही याचा खरोखर वाद होता आणि तो बोलून संपला. दुसऱ्यात तसा वाद नव्हताच. मोशेला आज्ञा देणारा देव आणि येशूचा पिता एकच, हे इन्क्विझिशनच्या न्यायाधीशांना पक्कं मान्य होतं. देव एकच मानणाऱ्यांनीच एकाच देवाच्या दुसऱ्या उपासकांना जाळलं.

आपल्याकडे हा प्रश्न कुणालाही विचारला तर उत्तर तयार असतं: देव एकच, नावं वेगळी. या उत्तरामागे मोठी पुण्याई आहे. एकनाथांनी हिंदू आणि तुर्क यांचा संवाद लिहिला, तो कडाक्याच्या भांडणाने सुरू होऊन समेटावर येतो. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान घरात जन्मून वारकऱ्यांच्या मांदियाळीत बसले आणि त्यांनी ‘योगसंग्राम’ लिहिला. या परंपरेबद्दल मला नितांत आदर आहे. तरी प्रस्तुत प्रश्नाला हे उत्तर लागू पडत नाही. ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान यांचा दावा निराळा आहे. एक परमतत्त्व सर्व रूपांत भरून आहे असं ते म्हणत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की एका विशिष्ट वेळी, एका विशिष्ट माणसाला, अब्राहामाला, देवाने हाक मारली. आमचा देव तो, आणि त्याच्याखेरीज दुसरा नाही. त्या ‘दुसरा नाही’मध्ये पंढरपूरचा विठोबाही बसत नाही आणि गोव्यातल्या शिरगावची लईराई देवीही. म्हणून त्यांच्या एकपणाची परीक्षा त्यांच्याच अटींवर करावी लागते.

या वादात गुंता होतो तो एकाच वाक्यात तीन प्रश्न शिरल्यामुळे. आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो तो एकच आहे का? त्याच्याविषयी आपण जे सांगतो ते जुळतं का? आणि त्याला आपली उपासना पोहोचते का? जर्मन तत्त्वज्ञ गोटलोब फ्रेगे याने १८९२ मध्ये दाखवून दिलं की पहाटे पूर्वेला दिसणारी चांदणी आणि संध्याकाळी पश्चिमेला दिसणारी चांदणी यांची वर्णनं वेगळी, नावं वेगळी, पण दोन्ही शुक्रच. हे न कळताही पूर्वीची माणसं शुक्राकडेच बघत होती. या न्यायाने पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून दुसऱ्याचं येतंच असं नाही, आणि तिसऱ्याचं तर माणसाच्या हाती कुठे आहे?

ज्यू आणि ख्रिस्ती यांच्यापुरता पहिला प्रश्न फार लवकर ऐरणीवर आला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात मार्सियन नावाचा एक श्रीमंत ख्रिस्ती रोममध्ये शिकवू लागला की जुन्या करारातला कठोर न्यायी देव निराळा आणि येशूने दाखवलेला दयाळू देव निराळा. ज्यूंचे सारे ग्रंथ त्याने बाजूला काढले. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं आणि ज्यूंचा धर्मग्रंथ आपल्या बायबलाचा पहिला भाग म्हणून कायम ठेवला. हा निर्णय झाला तेव्हाच ख्रिस्ती माणसाला ज्यूंचा देव परका म्हणण्याची वाट बंद झाली. येशू स्वतः ज्यू, त्याची प्रार्थना सभास्थानात, त्याचे सण यरुशलेमच्या मंदिरात.

ज्यूंच्या बाजूने मात्र चित्र इतकं सरळ नाही. बाराव्या शतकातला थोर पंडित मायमोनिदीस मुसलमान राज्यांत वाढला आणि कैरोत वैद्य होता. मुसलमान हे मूर्तिपूजक मुळीच नाहीत, त्यांची एकेश्वरनिष्ठा निर्दोष आहे, असं त्याने ओबद्या नावाच्या एका नवज्यूला पत्राने कळवलं. ख्रिस्ती धर्माबद्दल त्याचं मत उलट होतं. त्रैक्य आणि देहधारण यांमुळे ती त्याला परकी उपासना वाटे. पुढच्या शतकात दक्षिण फ्रान्समधल्या मेनाहेम मेईरीने ही कडकाई सैल केली आणि धर्माच्या नियमांनी बांधलेल्या ख्रिस्ती व मुसलमान दोघांनाही मूर्तिपूजकांच्या यादीतून वगळलं. एकाच परंपरेतले हे दोन निर्णय पाहिले की लक्षात येतं, ज्यूंना ख्रिस्ती धर्म जन्माने जवळचा, पण देवाच्या कल्पनेने इस्लाम अधिक जवळचा. अलीकडे, सप्टेंबर २००० मध्ये, अमेरिकेतल्या ज्यू विद्वानांनी ‘दाब्रू एमेत’ हे निवेदन काढलं आणि ज्यू व ख्रिस्ती एकाच देवाची उपासना करतात असं पहिल्याच मुद्द्यात म्हटलं. हार्वर्डचे जॉन लेव्हन्सन यांनी त्यावर कडक टीका केली: मतभेद झाकून केलेला सलोखा दोघांनाही खोटा पाडतो. २०१२ च्या पुस्तकात त्यांनी पुढे दाखवलं की तिघांचा अब्राहामही एकसारखा नाही. ज्यूंचा अब्राहाम एका वंशाचा बाप, ख्रिस्ती लोकांचा श्रद्धेचा नमुना, मुसलमानांचा मूर्ती फोडणारा पैगंबर आणि काबा बांधणारा. लेव्हन्सन यांचा इशारा मला मोलाचा वाटतो. ‘अब्राहामी धर्म’ हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत ज्या सहजतेने येतो, त्या सहजतेने ते तीन धर्म एका दावणीला बांधता येत नाहीत.

इस्लामची स्वतःची भूमिका तिघांत सर्वांत स्पष्ट आहे. कुराणाच्या एकोणतिसाव्या सूरेत ग्रंथधारकांशी बोलताना आमचा आणि तुमचा ईश्वर एकच असं सांगायला सांगितलं आहे. आणि एकशेबाराव्या छोट्या सूरेत त्याने कुणाला जन्म दिला नाही, त्याला कुणी जन्म दिला नाही, असं ठामपणे म्हटलं आहे. पहिली सूरा देवाविषयी, दुसरी त्याच्या वर्णनाविषयी. या दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथात नांदतात म्हणूनच इस्लाममध्ये ख्रिस्ती माणसाला देव चुकीच्या रीतीने मानणारा म्हणतात. तो वेगळ्या देवाचा मानकरी होत नाही.

सर्वाधिक शाई ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यातल्या प्रश्नावर सांडली आहे. आठव्या शतकात दमास्कसच्या योहानाने इस्लामला ख्रिस्ती धर्माचीच भरकटलेली शाखा म्हटलं. वार करायलाच तो बसला होता, पण शाखा म्हटल्यावर मूळ एक आलंच. १०७६ मध्ये पोप सातवा ग्रेगरी याने उत्तर आफ्रिकेतल्या अन-नासिर या मुसलमान राजाला पत्र लिहिलं, त्यात आपण दोघे एकाच देवाला मानतो, रीत वेगळी आहे, अशा अर्थाचं म्हटलं. आणि याच शतकाच्या शेवटी क्रुसेड सुरू झालं. कॅथलिक चर्चने हा मुद्दा अधिकृतपणे मिटवला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ च्या ‘लूमेन जेन्तियुम’मध्ये आणि २८ ऑक्टोबर १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’मध्ये: मुसलमान आमच्याबरोबर एकाच दयाळू देवाची उपासना करतात. २००७ मध्ये १३८ मुसलमान विद्वानांनी ख्रिस्ती धर्मप्रमुखांना खुलं पत्र पाठवून देवावरचं आणि शेजाऱ्यावरचं प्रेम ही दोघांची समान भूमी असल्याचं मांडलं. २०१९ च्या फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस आणि अल-अजहरचे शेख अहमद अल-तय्येब यांनी अबू धाबीत बंधुत्वाच्या निवेदनावर सह्या केल्या. तिथेच आता एका आवारात मशीद, चर्च आणि सिनेगॉग उभे आहेत.

प्रॉटेस्टंट जगात, त्यातही अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल मंडळींत, हा वाद आजही पेटतो. डिसेंबर २०१५ मध्ये इलिनॉयच्या व्हीटन कॉलेजातल्या प्राध्यापिका लरिशिया हॉकिन्स यांनी मुसलमानांच्या सोबतीसाठी हिजाब घालायचं ठरवलं आणि आपण एकाच देवाची उपासना करतो असं जाहीर लिहिलं. कॉलेजने त्यांना रजेवर पाठवलं, पुढच्या फेब्रुवारीत दोघे वेगळे झाले. येलचे मिरोस्लाव व्होल्फ यांनी याआधीच, २०११ मध्ये, अल्लाह आणि ख्रिस्ती देव एकच असं पुस्तकभर मांडलं होतं. त्यांच्या विरोधकांचा युक्तिवाद हलका नाही. ते म्हणतात, त्रैक्य हे देवाला चिकटवलेलं विशेषण नाही, तो त्याचा स्वभाव आहे. पुत्र नाकारणारा पित्यालाच नाकारतो. पण मग ज्यूंचं काय? तेही पुत्र मानत नाहीत, त्रैक्य मानत नाहीत. ज्यूंना एकाच देवाचे म्हणायचं आणि त्याच कारणासाठी मुसलमानांना वगळायचं, हे तर्काला धरून नाही. यावर उत्तर येतं की ज्यूंची श्रद्धा आधीची, अपुरी. इस्लाम नंतर येऊन नाकारणारा. नकार जाणूनबुजून आहे, हे खरं धरू. तरी त्याने नकार देणाऱ्याचं पाप ठरेल, ज्याला नाकारलं तो कोण हे बदलणार नाही. या ठिकाणी मला ‘एकच’ म्हणणाऱ्यांची बाजू निर्विवाद वरचढ वाटते.

मलेशियात हाच वाद कोर्टात गेला. कॅथलिक साप्ताहिकाने मलय भाषेत देवाला अल्लाह म्हणावं की नाही, यावर २००९ मध्ये परवानगी, २०१३ मध्ये मनाई, २०१४ मध्ये सर्वोच्च पातळीवर अपील नामंजूर, आणि २०२१ मध्ये एका ख्रिस्ती बाईच्या खटल्यात पुन्हा परवानगी असा प्रवास झाला. अरब ख्रिस्ती हा शब्द शतकानुशतकं वापरत आले आहेत, हे तिथे कुणी नाकारलं नाही. भांडण शब्दाच्या मालकीचं होतं.

आता घरी येऊ. कोकणातले बेने इस्राएल, आपल्या खेड्यांतले शनवार तेली, हे मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या इतिहासात तिन्ही धर्म एकमेकांत असे गुंतले आहेत की दूरच्या परिषदा फिक्या पडाव्यात. सॅम्युएल एझिकेल दिवेकर हा कंपनीच्या फौजेतला अंमलदार म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्यांच्या समाजात कथा सांगतात ती अशी: टिपूच्या आईने विचारलं, तुम्ही कोण, बेने इस्राएल म्हटल्यावर तिला कुराणातले बनी इस्राईल आठवले आणि तिने रदबदली करून त्यांचा जीव वाचवला. सुटून आल्यावर दिवेकराने १७९६ मध्ये मुंबईत प्रार्थनालय बांधलं. बेने इस्राएल त्याला मशीदच म्हणत, आणि मशीद बंदर या स्टेशनाच्या नावाचा उगम तिथेच सांगितला जातो. हिब्रूशी त्यांची ओळख धूसर झाली होती, ती उजळायला मदत केली ख्रिस्ती मिशनऱ्यांनी. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं, मिशनच्या शाळांत बेने इस्राएल शिकले आणि शिकवू लागले. विल्सनना ते ख्रिस्ती व्हायला हवे होते. ते अधिक पक्के ज्यू झाले. १८८० च्या दशकात तर योसेफाची, मोशेची आख्यानं त्यांनी मराठी कीर्तनात लावली. आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलीया संदेष्ट्याच्या खुणा दाखवतात, तिथे ते मलिदा घेऊन जातात. हा एलीया बायबलचा, आणि कुराणात तोच इल्यास. कोकणातल्या ज्यूंना एकाच देवाचा प्रश्न कधी छळला असेल असं वाटत नाही. त्यांना छळलं नाही ते शेजाऱ्यांनी, हे अधिक महत्त्वाचं.

गोव्यात याच देवाची कथा पहिल्यांदा विस्ताराने मराठीत आली. थॉमस स्टीफन्स हा इंग्लिश जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला, साष्टीत राहिला, आणि १६१६ मध्ये रायतूरला त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ छापून झालं. सुमारे अकरा हजार ओव्या. त्यातलं पहिलं पुराण म्हणजे जवळजवळ सगळा जुना करार: आदाम, नोहा, अब्राहाम, मोशे, दावीद. दुसरं येशूचं चरित्र. म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथातली कथा ज्ञानेश्वरीच्या छंदात, वैकुंठ आणि परमेश्वर या शब्दांत, नवख्रिस्ती गोवेकरांना ऐकायला मिळाली. त्यांची जुनी पुराणं त्यांच्याकडून काढून घेतली होती, नवी हवी अशी त्यांची मागणी होती, आणि स्टीफन्सने ती मनापासून पुरी केली. मार्सियनला नाकारणारा चर्चचा निर्णय इथे मराठी ओवीत उतरला. त्याच काळात जुन्या गोव्यात, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात थाटलेल्या इन्क्विझिशनच्या कचेरीत, शनिवार पाळला किंवा डुकराचं मांस टाळलं म्हणून लोकांची चौकशी होत होती. अ. का. प्रियोळकरांचं १९६१ चं पुस्तक त्या कचेरीबद्दल ज्यांना जाणायचं आहे त्यांनी वाचावं. एकाच शहराच्या पंचक्रोशीत मोशेची कथा पुण्यदायक होती आणि मोशेचा नियम पाळणं गुन्हा.

गोव्यातल्या घटना क्रमाने मांडल्या तर एक गोष्ट ठळक होते. नोव्हेंबर १५१० मध्ये आफोन्सु द आल्बुकेर्कने शहर घेतलं तेव्हा कत्तल झाली ती मुसलमानांची. हिंदूंना त्याने सुरुवातीला हात लावला नाही. कारणं राजकारणाची आणि मसाल्याच्या व्यापाराची होती, आदिलशाहीशी वैर होतं, हे उघड आहे. पण देवाच्या बाबतीत सर्वांत जवळ असलेले सर्वांत आधी मेले. मग १५४० पासून तिसवाडीतली देवळं पाडली गेली, आणि १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं ते आधी नवख्रिस्ती झालेल्या ज्यूंच्या मागावर. देवाचं ऐक्य जितकं जास्त, तितकी माणसाला मोकळीक जास्त, असा हिशेब गोव्याच्या इतिहासात कुठेही जुळत नाही.

तो जुळवायचा असेल तर मांडवीपलीकडे, डिचोलीत यावं. नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ मूळ दिवाडी बेटावरचं. बेटावर देऊळ पाडलं गेल्यावर धारालिंग नदीपार करून इकडे आणलं. नोव्हेंबर १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी या देवळाचं काम सुरू करवलं, आणि दारावरचा छोटासा शिलालेख आजही ते सांगतो. देऊळ पाहावं असं आहे: अष्टकोनी चौथऱ्यावर बसका घुमट, उतरती कौलं, पुढे दीपस्तंभ. घुमटाची घडण मशिदीच्या ओळखीची, अंगणातला एकंदर डौल इगर्जीच्या शेजारचा. राज्य सरकारने दुरुस्ती करून २०२३ मध्ये ते पुन्हा खुलं केलं.

डिचोली गावातच टेकडीवर नमाजगाह आहे. औरंगजेबाविरुद्ध बंड करून संभाजी महाराजांच्या आश्रयाला आलेला शहजादा अकबर १६८३ च्या सुमारास या भागात राहिला, आणि हे बांधकाम त्याच्या नावाशी जोडलेलं आहे. त्याच वर्षी संभाजी महाराजांची फौज गोव्याच्या वेशीवर आली. व्हाइसरॉय कौंट आल्वोर जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी गेला आणि अधिकाराचा दंड त्याने संताच्या पायाशी ठेवला. तहाची बोलणी झाली त्यात मध्यस्थ होता हाच मुसलमान शहजादा. म्हणजे ‘एकाच देवाचा’ मानलेला बाप मुलाच्या जिवावर उठलेला, आणि मूर्तिपूजक राजाने त्याला नमाजासाठी जागा दिलेली.

पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादींतले, म्हणजे पोर्तुगिजांनी उशिरा मिळवलेल्या मुलखातले महाल. डिचोली १७८१ च्या सुमारास पोर्तुगिजांकडे गेली, आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीच्या खेम सावंतांनी कोल्हापूरकरांविरुद्धच्या मदतीच्या मोबदल्यात दिलं. तोवर जेझुइटांना पोर्तुगिज राज्यातून हाकलून तीस वर्षं होत आली होती, इन्क्विझिशन १७७४ मध्ये एकदा बंद होऊन पुन्हा मरगळल्या अवस्थेत सुरू होतं, ते १८१२ मध्ये कायमचं गेलं. नव्या प्रजेला तिचे देव, देवळं आणि रीतिरिवाज राखू देण्याचं आश्वासन मिळालं आणि बऱ्याच अंशी पाळलं गेलं. म्हणून बार्देश-साष्टीत इगर्ज जिथे गावाचा कणा आहे, तिथे पेडणे-डिचोलीत देऊळ आहे, आणि इगर्ज व मशीद शेजारी येऊन राहिल्या. २०११ च्या जनगणनेत गोव्यात हिंदू सुमारे ६६ टक्के, ख्रिस्ती २५ आणि मुसलमान ८ टक्के आहेत. या दोन तालुक्यांत शांतता आली ती कुणाचा देव कुणाशी जुळला म्हणून नव्हे. सत्तेने देवाच्या प्रश्नातून हात काढून घेतला म्हणून आली. माझ्या मते या सगळ्या आढाव्यातली ही सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. ‘एकच देव’ हे शांततेचं कारण मानणारे विद्वान आणि ‘वेगळा देव’ हे वैराचं कारण मानणारे प्रचारक दोघेही तिच्याकडे पाहत नाहीत.

आणि मग इथल्या लोकांनी आपलं नातं आपण जोडलं. सात देवी-बहिणींची कथा इथे सर्वांना ठाऊक आहे. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेंची महामाया डिचोली तालुक्यात; मोरजीची मोरजाई पेडण्यात; आणि एक बहीण म्हापशाला, तिला हिंदू मीराबाय म्हणतात आणि ख्रिस्ती मिलाग्रीस सायबीण. वैशाखात शिरगावची जत्रा, धोंड म्हणजे लईराईचे व्रतस्थ भक्त अग्निदिव्यातून जातात. ईस्टरनंतर म्हापशाला मिलाग्रीसचं फेस्त, तिथे हिंदू तेल घेऊन रांगेत उभे राहतात, ख्रिस्ती मेणबत्त्या घेऊन. दोन बहिणींमध्ये तेलाची आणि मोगरीच्या फुलांची देवघेव होत असल्याचं जुनी माणसं सांगतात. कॅथलिक शिकवणीत मारिया देव नाही, आणि लईराई तिची बहीण असू शकत नाही. हे रांगेतल्या ख्रिस्ती बाईला कळतं. शेजारच्या हिंदू बाईचं तेल ती तरीही पुढे सरकवते.

हे दृश्य पाहून ‘बघा, सगळे एकच देव मानतात’ असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. इथे कुणीही देव एक केलेला नाही. नातं बहिणींचं आहे, आणि बहिणी दोन असतात तेव्हाच नातं असतं. ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्या बाबतीत ते एकाकडेच बोट दाखवतात हे मला पटतं, मार्सियनचा निकाल आणि कुराणाची साक्ष दोन्ही भक्कम आहेत. त्यांचं वर्णन जुळत नाही, हेही तितकंच खरं, आणि लेव्हन्सनसारख्यांनी ते झाकू दिलं नाही हे बरं झालं.

राहतो तो प्रश्न नार्व्याच्या आणि शिरगावच्या भाविकाचा. तिघांच्या एकपणात त्याला जागा नव्हती. फेब्रुवारी २००८ मध्ये यरुशलेमला हिंदू आणि ज्यू धर्मनेत्यांची दुसरी परिषद भरली. इस्राएलचे मुख्य रब्बी आणि स्वामी दयानंद सरस्वतींच्या पुढाकाराने हिंदू आचार्य एकत्र आले, आणि हिंदू एकाच परमेश्वराला मानतात, मूर्तीला तिच्याच ठिकाणी देव मानत नाहीत, असं त्यांनी संयुक्तपणे जाहीर केलं. मायमोनिदीसच्या वारसांनी हे मान्य करणं ही मोठी गोष्ट आहे. पण या मान्यतेची अटही पाहायला हवी: लईराई एका परमेश्वराचं रूप ठरली म्हणून ती चालली. ती शिरगावची स्वतंत्र, आपल्या नावाची, आपल्या बहिणींची देवी म्हणून चालेल का, हा प्रश्न त्या परिषदेत कुणी विचारला नाही. यापुढचा वाद तिथून सुरू व्हायला हवा, आणि तो मांडायला पेडणे-डिचोलीतल्या माणसांइतकं अनुभवी दुसरं कोण आहे?